मुखवटा, सोंग की नुसतं तोंड?

विचारणा (खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा)

आमच्या मराठी शाळेत पोरांना कागदाच्या लगद्यापासून मुखवटे करायला शिकवायचं ठरलंय. वाघ, अस्वल, राक्षस, चेटकीण, ज्याला जे हवं ते. फळ्यावर 'मुखवटे तयार करूया' असं लिहिलं, तर रोज कट्ट्यावर पेपर वाचायला येणारे एक आजोबा म्हणाले, "बाई, मुखवटा देवाचा असतो. पोरांचं ते सोंग." शेजारच्या वर्गात कन्नड शिकवणारे सर म्हणाले, आमच्यात दोन्हीला मुखवाडच. हा फरक मराठीत खरोखर आहे, की फक्त आजोबांचा? आणि फळ्यावर 'सोंग' लिहिलं तर पालक नावं ठेवतील का?

उत्तर (निपाणी)

आजोबांचं बरोबर आहे, खरं पूर्ण नाही. (हे 'खरं' म्हणजे आपल्याकडचं 'पण'. पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये.)

आपल्या जुन्या माणसांच्या डोळ्यांपुढं मुखवटा म्हटलं की आधी धातूचा देव येतो. मूळ देवी पुष्कळदा तांदळा असते, म्हणजे नाक-डोळे नसलेला शेंदराचा दगड. त्याच्यावर चांदीचा किंवा पितळेचा मुखवटा बसवतात, तेव्हा कुठं देवीला चेहरा येतो. मांढरदेवीच्या काळूबाईचा चांदीचा मुखवटा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माचा जग घ्या, म्हणजे देवीची डोक्यावर वाहायची टोपली. जोगती, म्हणजे देवीला वाहिलेली बाई, डोक्यावर जग घेऊन दारात येते, त्यावर देवीचा पितळी मुखवटा आणि मोरपिसं असतात. तो मुखवटा काही झाकत नाही, उलट दाखवतो. गौरीचंही तसंच. खड्यांच्या गौरी वेगळ्या, तेरड्याची गौर वेगळी आणि मुखवट्यांच्या गौरी वेगळ्या. हा फरक घरातल्या सुनेला पहिल्याच वर्षी शिकवला जातो.

आता क्रियापदं बघा. देवाचा मुखवटा बसवतात, उतरवतात, उजळतात, पालखीत ठेवतात. सोंग मात्र घेतात, आणतात, काढतात, वठवतात. 'मुखवटा आणला' म्हटलं तर बाजारातून विकत आणला असं वाटेल. 'सोंग आणलं' म्हटलं की बाजाराचा संबंधच संपला. शब्दांची भांडणं मिटवायला नामापेक्षा क्रियापद कामाला येतं, असं माझं मत आहे.

जाता जाता, देव्हाऱ्यातला टाक म्हणजे मुखवटा नव्हे. तो पत्र्यावर देवाची आकृती उठवलेला चपटा तुकडा. बऱ्याच लेखांत ही गल्लत दिसते.

उत्तर (अथणी)

फरक देव आणि पोरं असा नाही. तसा असता तर बोहाड्याचं काय करायचं? पालघर-नाशिककडच्या आदिवासी भागात, जव्हार-मोखाड्याला, बोहाडा होतो. संबळाच्या तालावर एकेक पात्र मुखवटा चढवून नाचत येतं. त्यात गणपती असतो, सरस्वती असते, राक्षसही असतात, आणि त्या सगळ्यांना सोंगंच म्हणतात. गणपतीचं सोंग म्हणताना कुणाला देवाचा अपमान झाल्यासारखं वाटत नाही. कोकणातल्या दशावतारातही गणपती मुखवटा घालून येतो.

माझ्या मते रेघ इथं आहे: मुखवटा ही वस्तू, सोंग हे माणसाचं करणं. मुखवटा खुंटीला टांगता येतो, सोंग टांगता येत नाही. सोंगात कपडे आले, चाल आली, आवाज आला. बहुरूपी तोंडावर काही न बांधता नुसत्या रंगानं पोलिसाचं सोंग घेतो. सोंगी भजनात तर मुखवट्याची गरजच पडत नाही. म्हणजे तुमची पोरं करणार ते मुखवटेच, बाई. ते तोंडाला बांधून वाघासारखं गुरगुरायला लागली की सोंग.

कन्नड सरांना विचारा, त्यांच्याकडं दुसराही शब्द आहे: सोगु. 'सोगु हाकु' म्हणजे सोंग घेणं. आमच्या पूर्वेला बागलकोटच्या होळीत सोगिन बंडी निघते, सोंगं घेतलेल्या माणसांच्या गाड्या. आपला बहुरूपी तो त्यांचा हगलुवेष, म्हणजे दिवसाढवळ्या घेतलेला वेष. तेव्हा मुखवाड आणि सोगु अशी जोडी त्यांच्यातही आहेच. सर गणिताच्या तासाच्या घाईत असतील.

उत्तर (बेळगाव, शहापूर)

आमच्या घरी गणपतीचं काम चालतं, त्यामुळं मला शब्दापेक्षा हाताचं जास्त कळतं. कामाच्या जागी 'मुखवटा करणे' असं सरसकट कुणी म्हणत नाही. धातूचा घडवतात किंवा ओततात. घडवायचा तर राळेवर पत्रा ठेवून मागून ठोकत उठाव काढतात, ओतायचा तर ओताऱ्याचं काम. कागदाचा साच्यातून काढतात. मग पांढरा हात देतात, मग रंगाचा हात, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी ज्याला त्याला देत नाहीत. बाकी सगळं चांगलं झालं आणि बुबुळ जरा आत सरकलं, तर देवी तिरळी दिसते.

पोरांसाठी लगद्यापेक्षा थर सोपे. मातीचा उठाव करून घ्या, पण नाकाखाली आणि हनुवटीखाली आत वळणारी खाच ठेवू नका. वाळल्यावर कागद तिथं अडकतो आणि ओढलं की फाटतो. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा लावायचा, खळ नाही, म्हणजे तो मातीला धरत नाही. त्यावर खळ लावून सहा-सात थर. डोळ्यांची भोकं वाळल्यावरच कापा.

खळ चिंचोक्याची उत्तम. चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवून वाटायचं आणि पाण्यात घट्ट होईतो शिजवायचं. हे काही फक्त आपलं नाही. कोप्पळकडच्या किन्नाळच्या खेळण्यांत चित्रगार लोक तागाच्या चिंध्या आणि लाकडाचा भुसा याच चिंचोक्याच्या खळीत मळतात. त्या मळलेल्या गोळ्याला ते किट्ट म्हणतात. गोकाकची मातीची फळं आणि लाकडी खेळणी तर आपल्याच जिल्ह्यातली. मराठीत 'किट्ट' म्हणजे मळ किंवा गंज, म्हणून तो शब्द वर्गात वापरलात तर पोरं हसतील. हसू द्या.

उत्तर (निपाणी, पुन्हा)

वरचं 'वस्तू आणि करणं' पटलं. त्यावरून एक सुचलं. 'त्याचा मुखवटा गळून पडला' हे वाक्य मला अजूनही पेपरातलं वाटतं, घरातलं नाही. घरात खोटेपणासाठी सोंग-ढोंगच चालतं. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. खोटं उघडं पाडायचं असेल तर बुरखा फाडतात. देवीच्या चेहऱ्याला जो शब्द, तोच ढोंगी पुढाऱ्याला लावणं आजोबांना रुचणार नाही, आणि मलाही फारसं रुचत नाही.

प्रश्न (चंदगडहून)

मग मुखपट्टी? 2020 साली पेपरांनी मास्कला हा शब्द दिला होता.

उत्तर (अथणी)

लिहिण्यात आला, बोलण्यात टिकला नाही. बेळगावच्या बाजारात मराठी, कन्नड, उर्दू सगळ्यांनी मास्कच म्हटलं. शब्द वाईट नव्हता. श्वेतांबर जैन साधू तोंडापुढं धरतात किंवा बांधतात ती मुहपत्ती त्याच घडणीची आहे. पण मुखपट्टी तोंड झाकते, दुसरा चेहरा देत नाही. म्हणून तिला मुखवटा म्हणणं कुणाच्या मनातही आलं नाही.

विचारणारीच पुन्हा (खानापूर)

आजोबांना हे सगळं वाचून दाखवलं. बोहाड्याचं ऐकून म्हणाले, "तिकडचं तिकडं." पोरांना विचारलं तर पोरं दोन्ही शब्द वापरत नाहीत. ती सरळ म्हणतात, "मला वाघाचं तोंड पायजे." एकीनं तर दोन तोंडं मागितली, एक स्वतःला आणि एक धाकट्या भावाला. फळ्यावर 'वाघाचं तोंड, राक्षसाचं तोंड' लिहिलं तर चालेल का? आणि खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात म्हणे, तो घालू का?

उत्तर (बेळगाव, शहापूर)

तोंड चालेल, उत्तम चालेल. जत्रेत कागदी वाघाकडं बोट दाखवून मी स्वतः तोच शब्द वापरत होतो. प्रदर्शनाला साहेब लोक येणार असतील तर त्या दिवशी 'मुखवटे' लिहा.

मोरचूद मात्र अजिबात नको. ते विष आहे आणि हे पोरांच्या तोंडाला बांधायचं आहे. त्याऐवजी मेथीदाणे दळून खळीत घाला, चिकटही होते आणि कीडही दूर राहते. वास येतो थोडा. आणि नाकाखाली श्वासाला भोकं जरा मोठी ठेवा, पोरं गुरगुरताना घामाघूम होतात.