मदत हवी आहे : हवामानबदलावरील प्रश्नावलीचे मराठी भाषांतर
नमस्कार. मी विदर्भात बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असून, हवामानबदल आणि आरोग्यसेवेतील शाश्वतता (सस्टेनेबिलिटी, म्हणजे पर्यावरणाची हानी टाळून सेवा चालवणे) यांविषयी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना काय वाटते, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. यासाठी ५ विधानांची, ७ गुणांच्या मोजपट्टीवरची ‘सॅन्स-२’ (नर्सिंगमधील शाश्वततेविषयीचा दृष्टिकोन मोजणारी) ही मूळ इंग्रजी प्रश्नावली वापरायची आहे. पण ‘शाश्वतता’ हा शब्द वाचताच माझ्या वर्गमैत्रिणी थबकतात. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतील पिशव्या-डब्यांचे पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग त्यांना तोंडपाठ आहेत, मात्र एकदाच वापरून टाकायच्या हातमोज्यांचा हवामानाशी संबंध विचारला, तर उत्तर येत नाही (उष्माघाताचे रुग्ण आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो, तरीही). माझे भाषांतर तपासून ते पुन्हा इंग्रजीत करून देणारे समूहात कोणी आहे का? ‘शाश्वतता’ऐवजी सोपा शब्दही सुचवावा.