मदत हवी आहे: पोरगी ज्युनिअरलाच खेळवू की प्रोमध्ये उतरवू? (तातडीचं)

संत्रावाला_वरूड
नमस्कार मंडळी. पोरगी टेनिस खेळते, रँकिंग ४१ आहे. जिथे शिकते ते अकॅडमीवाले म्हणतात की ज्युनिअरमध्ये वेळ घालवू नका, पंधरा हजारवाल्या खेळवा, रँकिंग झटक्यात येते. त्यांचं वर्षाचं पॅकेज आहे, पैसे सोमवारपर्यंत भरायचे आहेत. भरू की नको? ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा. ‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ वगैरे नको, ते घरी रोज ऐकतो.

बेसलाइन_नागपूर
भाऊ, ४१ कशात? आयटा (देशातली टेनिस संघटना) की आयटीएफ (जागतिक)? अंडर किती? आणि पोरीचं वय काय? हे सगळं सोडून तुम्ही फक्त सोमवार सांगितला.
बाकीच्यांसाठी: पंधरा हजार म्हणजे रुपये नव्हे. महिलांची डब्ल्यू१५ स्पर्धा, एकूण बक्षीस १५,००० डॉलर, सगळ्यांत मिळून. एकेरीत मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरलं तर दीडशे डॉलरच्या आसपास हाती येतात. तेवढ्यात हॉटेलही सुटत नाही.

पेठकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तालुक्याच्या गावी राहून टेनिस होत नाही. पुण्याला या. इथे कोर्टं आहेत, कोच आहेत, बरोबरीची मुलं आहेत.

तर्री_पोहा
काहून, पुण्यातच बॉल उसळते का? दिव्या देशमुख नागपूरची. २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली अन् ग्रँडमास्टर झाली.

पेठकर
बुद्धिबळाला कोर्ट लागत नाही.

तर्री_पोहा
उमेश यादव खापरखेड्याचा. त्याले तर मैदान लागलं ना बाप्पा!

संत्रावाला_वरूड
अहो, क्रिकेट-बुद्धिबळ काय घेऊन बसलात. ४१ आयटा, अंडर-१६. वय म्हणाल तर दिवाळीनंतर चौदा पूर्ण होतील.

बेसलाइन_नागपूर
म्हणजे आज तेरा! मग विषयच मिटला की. चौदा पूर्ण झाल्याशिवाय मुलीला प्रो स्पर्धेत उतरताच येत नाही. त्यानंतरही मर्यादा आहे: चौदाव्या वाढदिवसापासून पंधराव्यापर्यंत ८ स्पर्धा, पुढच्या वर्षी १०, मग १२, मग १६. कॅलेंडर वर्ष नाही, वाढदिवस ते वाढदिवस मोजतात. कोवळ्या पोरी थकून खेळ सोडायला लागल्या म्हणून हा नियम आला.
पॅकेजमध्ये किती स्पर्धा धरल्यात?

संत्रावाला_वरूड
बारा. तेही पहिल्याच वर्षी. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही.

बेसलाइन_नागपूर
मग सोमवारचं विसरा. आधी त्यांच्याकडून स्पर्धांची यादी लेखी मागा, तारखांसकट. त्यात डब्ल्यू१५ किती, ज्युनिअर किती, ते बघा. आणि आयटाचं ४१ आयटीएफच्या यादीत चालत नाही, तिथे पोरगी शून्यावर आहे.

सानिया_फॅन
नियम वगैरे ठीक आहे, पण पोरीत दम असेल तर थांबवू नका. माया राजेश्वरन कोइम्बतूरची, २०२५ मध्ये मुंबई ओपनला क्वालिफाइंगमधून (पात्रता फेरीतून) येऊन सेमीफायनल, वय १५! सानिया २००३ मध्ये विम्बल्डन ज्युनिअर दुहेरी जिंकली, २००५ मध्ये हैदराबादला डब्ल्यूटीए (महिलांच्या मुख्य प्रो टूरची स्पर्धा) जिंकली. दोन वर्षांत!

बेसलाइन_नागपूर
अशी दोन नावं सगळ्यांना पाठ असतात. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनिअर जिंकला, ज्युनिअरमध्ये जगात पहिला होता. मोठ्यांत एकेरीची सर्वोत्तम रँक ८३, तीही २०१८ मध्ये. मधली वर्षं दुखापतींत गेली. ज्युनिअरमधला पहिला नंबर खिशात असूनही नऊ वर्षं.

सानिया_फॅन
८३ म्हणजे तुम्हाला कमी वाटतं? आपल्या देशात किती जण पोचले तिथवर?

बेसलाइन_नागपूर
कमी कोण म्हणतंय? वेळ किती लागला ते सांगतोय.

ह्यूस्टनकर
अमेरिकन कॉलेजचा विचार करा, मी सगळ्यांना हेच सांगतो. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला शिकली, खेळली, आणि २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. शिक्षणही होतं, सामनेही मिळतात. फक्त बक्षिसाचे पैसे स्वीकारण्याआधी एनसीएएचे (तिथल्या कॉलेज खेळांच्या संस्थेचे) नियम वाचा.

संत्रावाला_वरूड
दादा, पोरगी आठवीत आहे.

सरकारी_बाबू
खेळाडूंना शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुणही मिळतात. राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, पडताळणीला मूळ कागद लागतो.

निवृत्त_पीटीसर
मला वेगळंच विचारायचं आहे. सरावाला बॉल कोणते वापरता, आणि एक डबा किती दिवस चालवता?

संत्रावाला_वरूड
सर, डबा महिनाभर चालतो. केस उडून बॉल टकले झाले तरी चालवतो. कॉलेजचं सिमेंटचं कोर्ट, पंधरवड्यात बॉल खलास होतात, दरवेळी नवे कुठून आणायचे?

निवृत्त_पीटीसर
मग स्पर्धेत पहिले दोन-तीन गेम बॉल बाहेर मारत असेल.

संत्रावाला_वरूड
हो! दरवेळी ०-३, मग पोरगी सुधारते. आम्ही म्हणायचो घाबरते म्हणून.

निवृत्त_पीटीसर
घाबरत नाही. मेलेला बॉल कमरेखाली राहतो, त्याला उचलून, ढकलून मारायची सवय लागते. डबा फोडल्यावरचा पहिला बॉल सिमेंटवर खांद्यापर्यंत येतो, जरा उशीर झाला की रॅकेटची कड लागते. प्रोमध्ये ठरावीक गेमनंतर पुन्हा नवे बॉल येतात, म्हणजे हे सामन्यात तीन-तीनदा. स्पर्धेआधीचा आठवडाभर रोज नवा डबा फोडा. पॅकेजच्या मानाने किरकोळ खर्च आहे. जुने बॉल सर्व्हिसच्या सरावाला ठेवा.

मृगबहार
अवांतर: वरूडचे आहात तर सांगा, यंदा आंबिया बहराच्या संत्र्यांची गळ कितपत आहे? आमच्या मोर्शीकडे झाडाखाली सडा पडलाय.

संत्रावाला_वरूड
आमच्याकडेही आहे. झाडांना डिंक्या रोगही आहे. बोर्डो पेस्ट लावली, बघू. त्या पैशावरच तर हे सगळं चाललंय, म्हणून विचारतोय ना. पॅकेज नाही घेतलं तर करू काय?

बेसलाइन_नागपूर
आयटीएफ ज्युनिअर तेराव्या वर्षापासून खेळता येतं. ज्युनिअरचा आयपिन (आयटीएफचा खेळाडू नोंदणी क्रमांक) काढा. सर्वांत खालची पायरी जे३०, मग ६०, १००, २००, ३००, ५००. भारतातल्याच जे३०ला नाव टाका, क्वालिफाइंगपासून सुरुवात होईल. एन्ट्री काही आठवडे आधीच बंद होते. वेळ जीएमटीत लिहिलेली असते, १४:०० म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. दुहेरी सोडू नका. रँकिंगला एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल धरतात आणि दुहेरीच्या सर्वोत्तम सहांचे पाव गुण. ज्युनिअरमध्ये वरची रँक आली की मग डब्ल्यू१५चा विचार, तोवर ती पंधराची होईल.

पेठकर
हे सगळं पुण्यात राहून सोपं जातं, एवढंच म्हणतो.

तर्री_पोहा
भाड्याचे पैसे तुम्ही देता का मंग?

संत्रावाला_वरूड
अकॅडमीत फोन केला. यादी मागितली तर म्हणाले, आधी पैसे भरा, मग देऊ. नाही भरत. आयपिनचं आजच बघतो.

ह्यूस्टनकर
पासपोर्ट आहे का तिचा? पुढेमागे श्रीलंका-नेपाळची स्पर्धा निघाली की ऐनवेळी धावपळ होते.

संत्रावाला_वरूड
नाही ना. नागपूरलाच जावं लागेल का? आणि अल्पवयीन मुलीला आई-बाप दोघांच्या सह्या लागतात का? तिची आई सध्या माहेरी आहे.