अमूर्त चित्रातली रिकामी जागा: राखायची की पुसून काढायची?

कोरा_कागद:
आठवणींवर काम करणारे अनेक अमूर्त चित्रकार जपानी ‘मा’चा, म्हणजे दोन आकारांमधल्या रिकाम्या जागेचा, आधार घेतात. पण आधी अख्खा कॅनव्हास रंगवतात आणि मग पुसून जागा काढतात. मला हे पटत नाही. जपानी चित्रकार हासेगावा तोहाकुचे सोळाव्या शतकातले पाइन वृक्षांचे पडदे, म्हणजे कागदावर रंगवलेले घडीचे पडदे, बघा. त्यातलं धुकं म्हणजे शाई न लागलेला कागद. पुसलेल्या जागेत झटापट दिसते, आणि तीच नजरेला अडते.

तैलरंग:
साफ असहमत. आठवण कुणी राखून ठेवत नाही, ती झिजत जाते. मग झिजलेला पृष्ठभाग तिच्या जास्त जवळचा नाही का? झेन बौद्ध विचाराकडे ओढा असलेले भारतीय अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत, उतरवत. त्यांच्या चित्रांतला उजेड या थरांतूनच येतो, तिथे कुठली झटापट?

झटापट दिसते ती अस्तर चुकल्यामुळे. अ‍ॅक्रिलिक जेसो, म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला द्यायचं पांढरं अस्तर, शोषक असतो. थॅलो निळ्यासारखा डाग धरणारा रंग त्यात मुरला की चिंधीने कितीही पुसा, डाग राहणारच. म्हणून जेसोवर तैल प्रायमरचा, म्हणजे तेलातल्या अस्तराचा, पातळ हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, मगच रंग. खरवडायचं ते रंग ओला असताना. वर साय धरली की ती सुरीखाली गोळा होते आणि कडा फाटक्या दिसतात. टर्पेंटाइनही बेतानं. जास्त झालं तर तेल कमी पडतं आणि वाळलेला रंग बोटाला भुकटीसारखा लागतो.

शाईची_वडी:
तैलरंग, हे कॅनव्हासपुरतं ठीक. वाशी या जपानी कागदावर पुसायची सोयच नाही. सुमी शाई म्हणजे काजळी आणि सरस. कागद ज्या कोझो झाडाच्या सालीचा असतो, तिच्या धाग्यांत शिरली की निघत नाही. त्यामुळे जागा आधीच ठरवावी लागते. कच्च्या कागदावर शाई पसरते, म्हणून सरस आणि तुरटीचं पाणी, ज्याला दोसा म्हणतात, त्याचा हात देतात. सरस रात्रभर गार पाण्यात फुगवून मंद आचेवर विरघळवावा. उकळला तर चिकटपणा जातो. तुरटी जास्त पडली तर कागद काही वर्षांत ठिसूळ होतो, आणि दोसा दाट झाला तर शाई थेंब धरून बसते.
कडा धूसर हवी असेल तर कागद आधी ओलवा आणि वरची चमक गेली की लगेच कुंचला टेकवा. चमक असताना टेकवला तर राखलेली जागा शाई खाऊन टाकते.

कोरा_कागद:
म्हणजे माझंच म्हणणं! जागा आधी ठरते.

तैलरंग:
इतकं सरळ नाही. ज्या पडद्यांचा तुम्ही दाखला दिलात, त्यांच्या कागदाचे जोड नीट जुळत नाहीत. ते मुळात कच्चे आराखडे असावेत आणि पडद्यांचं रूप नंतर आलं असावं, असं काही अभ्यासक मानतात. तसं असेल तर झाडांमधलं अंतर कुणी राखलं, चित्रकाराने की जोडणाऱ्याने?

कोरा_कागद:
जोड कुणीही लावोत, धुक्याच्या जागी शाई नाही, हे चित्रकाराचंच. तुमच्या पद्धतीत तिथे आधी रंग होता. माझा आक्षेप त्यालाच आहे.