टर्बो पेट्रोल की साधं पेट्रोल? माझं मत साध्याला

कृष्णाकाठ

नवी गाडी घेणारा कोणीही भेटला की पहिला प्रश्न असतो, "टर्बो घेऊ का?" आणि उत्तरही ठरलेलं: घेच, साध्या इंजिनात काही दम नाही. (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरणारा, इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा.) मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

दोन्ही इंजिनं एकाच गाडीत मिळतात असं उदाहरण घेऊ, म्हणजे वजन आणि टायरवरून वाद नको. मारुतीची फ्राँक्स २०२३ मध्ये आली तेव्हा तिच्यात दोन पेट्रोल इंजिनं होती. एक १.२ लिटर, चार सिलिंडर, बिनटर्बो: ९० पीएस (शक्तीचं माप), टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर ११३ न्यूटन मीटर, तोही ४४०० आरपीएमला (मिनिटाला फेरे). दुसरं १ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो: १०० पीएस आणि २००० ते ४५०० आरपीएममध्ये १४८ न्यूटन मीटर.

लोक १४८ आणि ११३ बघतात आणि निकाल लावून मोकळे होतात. पण चढ चढायला लागते ती शक्ती, आणि शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. हिशोब करा. टर्बो २००० आरपीएमला ३१ किलोवॉट देतं. साध्या इंजिनाला तेवढे द्यायला २८००-२९०० पर्यंत फिरावं लागतं. म्हणजे फरक एका गिअरचा. चौथ्याऐवजी तिसरा टाका, तीच ओढ मिळते.

हा एक गिअर वाचवायला आपण टर्बाइन (टर्बोचा पंखा), इंटरकूलर (कोंबलेली हवा थंड करणारा), वेस्टगेट (जादा धूर बाजूने सोडणारी झडप) आणि त्यांच्या तेलापाण्याच्या नळ्या विकत घेतो. तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने खुशाल घ्यावी. आपल्याकडे गाडी दहा-बारा वर्षं घरात राहते, मग भाच्याकडे जाते. त्या दहाव्या वर्षाचा विचार कोणीच करत नाही.

शहरातली गोष्ट तर वेगळीच. सिग्नल ते सिग्नल आपण १२०० ते १८०० आरपीएममध्ये असतो. तिथे टर्बो अजून पुरतं जागं झालेलं नसतं, आणि हवा न भरलेलं १ लिटरचं इंजिन १.२ पेक्षा लहानच. पाय दाबावा तर आधी काही नाही, मग एकदम उसळी. साध्या इंजिनात पाय जेवढा, ओढ तेवढी.

घाटमाथा

असहमत, आणि "तिसरा टाका" या वाक्याशी सगळ्यात जास्त.

वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने चढा. पाच माणसं, मागे सामान, एसी चालू. वळणावर पुढे एसटी, वेग पंचवीसवर. तुम्ही आधीच दुसऱ्यात आहात, तिसरा कुठून आणणार? खाली उरतो फक्त पहिला. वळण सुटल्यावर साधं इंजिन दुसऱ्यात ४००० पर्यंत ओरडत नेलं तरच चढतं.

शिवाय उंचीचा फटका. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला साधारण एक टक्का ताकद गमावतं, कारण हवाच विरळ होते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तुमच्या ९० पीएसमधले डझनभर वाटेतच गेले. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, जवळपास एक तृतीयांश जातात. टर्बो जास्त फिरून ती तूट बरीचशी भरून काढतं.

पण माझा खरा मुद्दा माणसांचा आहे. तुमचा हिशोब बरोबर आहे, फक्त गाडी चालवणारा तो पाळत नाही. आमच्या घरी आई गाडी चालवते, व्यवस्थित चालवते. पण इंजिनाचा आवाज चढला की ती पाय काढते. "गाडीला त्रास होतोय" असं तिला वाटतं. अशी माणसं घरोघरी आहेत. साध्या इंजिनाची वरची ताकद त्यांच्यासाठी फक्त कागदावर असते. सातारा-सांगली भागात गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर ओलांडायचा असतो, समोरून दिवे येत असतात. त्या वेळी गिअर न बदलता मिळणारी ओढ ही चैन नव्हे. समोरच्या लेनमधले चार सेकंद कमी होतात.

कृष्णाकाठ

@घाटमाथा, पंचवीसच्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये आरपीएम २००० च्या खालीच असतं. टर्बो तिथे अर्धवट जागं असतं. त्या वळणावर दोघंही सारखीच अडखळतात, फरक वळण संपल्यावर पडतो. उंचीचं मान्य, लेहला जाणाऱ्याने टर्बोच घ्यावी. पण महाबळेश्वरच्या डझनभर पीएससाठी?

आईंच्या मुद्द्यावर उलट विचारतो. ज्यांना उसळी नको त्यांना शहराच्या गर्दीत उशिरा येणारी उसळी देणं बरं का?

घाटमाथा

ती उसळी दहा वर्षांपूर्वीच्या टर्बोंची. आताची टर्बाइन लहान आणि हलकी असतात, लवकर फिरतात. आणि तुम्ही सोयीचं उदाहरण घेतलंत: लहान टर्बो विरुद्ध मोठं साधं. सारख्या आकाराची घ्या. ह्युंदाई क्रेटाचं १.५ लिटर साधं ११५ पीएस आणि १४४ न्यूटन मीटर, १.५ टर्बो १६० पीएस आणि २५३ न्यूटन मीटर. २००० आरपीएमला टर्बो ५३ किलोवॉट देतं. साध्याला तेवढ्यासाठी ३६००-३७०० लागतील. आता फरक एका गिअरचा राहिला का?

कृष्णाकाठ

नाही राहिला. पण किमतीचा फरकही तसाच मोठा आहे. एवढी ताकद कुटुंबाच्या गाडीत कुठे वापरणार, हा माझा प्रश्न आहेच.

गॅरेजवाला_सांगली

रोज दोन्ही उघडतो, म्हणून लिहितो. टर्बो आपणहून मरत नाही, तेल त्याला मारतं. टर्बाइनचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल जळून काळं झालं, तेलाची बारीक नळी कचऱ्याने तुंबली, की बेअरिंग जातं. मग शिट्टीसारखा आवाज, सायलेन्सरमधून निळसर धूर, डिपस्टिकवर तेल कमी. माझ्याकडे आलेल्या बहुतेक खराब टर्बोंमागे एकच कारण निघतं: तेल उशिरा बदललं, किंवा स्वस्तातलं घातलं. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं फुल सिंथेटिक वेळच्या वेळी घालणाऱ्यांचे टर्बो चांगले टिकतात.

दुसरी सवय. हायवेवरून सुसाट येऊन ढाब्यावर थांबल्या थांबल्या चावी फिरवू नका. मिनिटभर चालू ठेवा. आताच्या टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, तरी आत अडकलेल्या उष्णतेने तेल करपतं.

बाकी, ओढ कमी झाली म्हणून लोक टर्बो गेला असं धरून घाबरत येतात. पुष्कळदा इंटरकूलरचा रबरी पाईप फाटलेला किंवा क्लिप सैल झालेली असते. काम लहान असतं. कोणी थेट टर्बो बदला म्हणालं तर आधी तो पाईप बघायला सांगा.

आणि सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल मारणाऱ्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या मागे कार्बन बसतो, कारण तिथे धुवायला पेट्रोल येतच नाही. टर्बो पेट्रोलमध्ये ही पद्धत जास्त दिसते. काही हजार किलोमीटरनी नाही, पण पुढे कधीतरी सफाईचा खर्च येतो.

नागपुरी_ऊन

एक कळत नाही. मल्टीजेट नावाचं १.३ लिटर डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, पुंटो सगळ्यांत होतं. त्यालाही टर्बोच. त्या गाड्या टॅक्सीत लाखो किलोमीटर धावल्या आणि कोणी टर्बोला भ्यालं नाही. पेट्रोलला लावला की एवढी भीती का?

गॅरेजवाला_सांगली

उष्णता, साहेब. पेट्रोलचा धूर टर्बाइनपर्यंत येतो तेव्हा डिझेलपेक्षा शे-दोनशे अंशांनी जास्त तापलेला असतो, पूर्ण लोडला ९०० च्या पुढे जातो. धातू चांगला लागतो, तेलावर ताण जास्त पडतो. भीती बाळगू नका, पण डिझेलला जे चालून गेलं ते इथे चालेल असंही धरू नका.

हिशोबनीस

इथे इंजिनाची गुणवत्ता चर्चेत आहे, पण बाजारात काय मिळतं हे कराने ठरवलंय. चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीपर्यंतचं (१.२ लिटर) पेट्रोल इंजिन असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. इंजिन त्याच्या वर गेलं की ४० टक्के. १.२ टर्बोची नेक्सॉन १८ मध्ये बसते, १.५ साध्या इंजिनाची ब्रेझा लांबीने तेवढीच असून ४० मध्ये. लहान गाडीत मोठं, निवांत, साधं इंजिन हा मला सगळ्यात आवडणारा पर्याय. तो आपल्याकडे महाग करून ठेवलाय, याचं वाईट वाटतं.

कृष्णाकाठ

@हिशोबनीस, अगदी मनातलं बोललात. आता ॲव्हरेजबद्दल. फ्राँक्सचे कंपनीचे आकडे साध्या मॅन्युअलला लिटरमागे २१.७९ किलोमीटर आणि टर्बो मॅन्युअलला २१.५. जवळपास सारखे. पण हे आकडे ज्या चाचणीतून येतात ती हळूहळू वेग वाढवत जाते, ९० च्या वर जातच नाही. टर्बो तिथे फारसं जागं होत नाही, म्हणून आकडा छान येतो. रस्त्यावर ज्या ओढीसाठी टर्बो घेतला ती वापरली की पेट्रोल जातंच.

पिंपरी_चाकण

सीएनजी लावायचा असेल तर आजही बहुतेक सगळे पर्याय साध्या इंजिनात आहेत. टर्बोसोबत कंपनीचा सीएनजी पहिल्यांदा नेक्सॉनने २०२४ मध्ये आणला.

मला मात्र वेगळं विचारायचंय. वडिलांसाठी फ्राँक्सच बघतोय. रोजचं चिंचवडमध्ये, गणपतीला आणि शिमग्याला रत्नागिरी. ऑटोमॅटिकच हवी, त्यांचा डावा गुडघा दुखतो. कोणती?

घाटमाथा

टर्बो. आणि यात इंजिनाइतकंच गिअरबॉक्सला महत्त्व आहे. तिच्यात साध्या इंजिनाला एएमटी आहे (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलतं), टर्बोला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ओढ देणारा ऑटोमॅटिक). एएमटी गिअर बदलताना क्षणभर ओढ सोडते. घाटात आधीच दम कमी, त्यात ऐन चढावर ती सोडते. ओव्हरटेक करताना तो क्षण फार मोठा वाटतो.

कृष्णाकाठ

तुमच्या गरजेला मीही एएमटी सुचवणार नाही. मॅन्युअल असती तर भांडलो असतो. टर्बो घ्या, पण ठरवण्याआधी वडिलांनाच चालवू द्या, मागे तिघं बसा, एसी लावा आणि बावधनच्या चढावर न्या. सेल्समन सपाट रस्त्यावरून फिरवून आणेल, तेवढ्यावर ठरवू नका.

गॅरेजवाला_सांगली

आणि कमी चालणार असेल तर किलोमीटरची वाट बघू नका. कंपनीने दिलेल्या मुदतीत, किलोमीटर कितीही झालेले असोत, तेल बदलून घ्या. रत्नागिरीला पोचल्यावर मिनिटभर थांबून चावी फिरवा, एवढं वडिलांना सांगून ठेवा.