शब्दचर्चा : परदेशातले ‘यजमान’ आणि कुर्बान बायराम

चर्चाप्रस्ताव

२०१४-१५ या शैक्षणिक वर्षात मी विद्यार्थी-विनिमय योजनेतून तुर्कस्तानातील कोन्या शहरात एका कुटुंबात राहत होते. त्या वास्तव्यातल्या ईदेवर अलीकडे मी मराठीत एक लेख लिहिला आणि त्यात त्या घराला सर्वत्र ‘यजमान कुटुंब’ म्हटले. लेख वाचणाऱ्या संपादकांनी या शब्दाखाली रेघ ओढून समासात ‘आश्रयदाते कुटुंब’ असा पर्याय लिहिला. ‘यजमान’ म्हटले की एक तर कुणाचा तरी नवरा किंवा सत्यनारायणाच्या पूजेला बसलेला गृहस्थ डोळ्यांसमोर येतो, आणि येथे विषय तर ईदेचा, असे त्यांचे म्हणणे होते. मी शब्द बदललेला नाही. त्याची कारणे मांडून जाणकारांचे मत विचारते.

‘आश्रयदाता’ चालणार नाही, याविषयी मला शंका नाही. आश्रय निराधाराला मिळतो, किंवा राजाकडून कवीला. त्या घरात मी ताटे मांडत असे, भांडी पुसत असे आणि घरातल्या आईला त्यांच्या मुलांप्रमाणेच ‘आन्ने’ म्हणत असे.

‘यजमान’ या शब्दाकडे मात्र थोडे मागे जाऊन पाहावे लागते. ‘यज्’ (यज्ञ करणे) हा संस्कृत धातू उभयपदी आहे, म्हणजे त्याची परस्मैपद आणि आत्मनेपद अशी दोन्ही प्रकारची रूपे होतात, आणि अशा धातूंच्या क्रियेचे फळ कर्त्याकडेच जात असेल तर आत्मनेपद वापरावे, असा पाणिनीचा नियम आहे. ‘यजमान’ हे आत्मनेपदाचेच रूप. म्हणून दुसऱ्यासाठी मंत्र म्हणून आहुती देणारा तो याजक, आणि ज्याच्या खर्चाने, ज्याच्या नावाने आणि ज्याच्या फळासाठी ते सारे चालते तो यजमान. घरधनी, नवरा, पाहुणचार करणारा हे अर्थ त्यातूनच पुढे आले.

हा भेद मला पुस्तकात नव्हे, कोन्यात प्रत्यक्ष दिसला. ४ ऑक्टोबर २०१४ रोजी तेथे कुर्बान बायराम, म्हणजे आपण जिला बकरी ईद म्हणतो ती ईद होती. सकाळची नमाज पढून बाबा घरी आले आणि आम्ही शहराबाहेर कुर्बानीसाठी नेमून दिलेल्या जागी गेलो. मेंढ्याला किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या, दिशेने आडवे केल्यावर कसायाने सुरी बाजूला धरून बाबांकडे पाहिले आणि ‘वेकालेत’, म्हणजे आपल्या वतीने हे काम करण्याचा अधिकार, दिली का, असे विचारले. बाबा ‘वेर्दिम’, म्हणजे ‘दिली’, एवढेच म्हणाले, आणि मगच पुढचे काम झाले. ही ‘वेकालेत’ म्हणजे आपल्या ‘वकील’ आणि ‘वकालतनामा’ यांच्याच अरबी धातूतून आलेला शब्द. सुरी कसायाच्या हातात होती, पण कुर्बानी बाबांची होती. त्या क्षणी त्यांना मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाला माझ्याजवळ ‘यजमान’ हेच उत्तर आहे.

त्या घरात मला ‘मिसाफिर’ म्हणत. हा आपला ‘मुसाफिर’च, मात्र आपल्याकडे तो वाटेवरच राहिला, तुर्कीत तो उंबरा ओलांडून पाहुणा झाला.

एक अडचण राहते. बायरामाच्या दिवशी एकमेकांना भेटून शुभेच्छा देणे यासाठी तुर्कीत ‘बायरामलाश्माक’ असे एकच क्रियापद आहे, आणि त्यातील ‘लाश’मुळे परस्परांनी करण्याचा भाव येतो. त्या दुपारी आम्ही घरोघर गेलो. धाकट्यांनी थोरल्यांच्या हाताचे चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावायचा, तळहातावर लिंबाच्या वासाचे कोलोन्या (सुगंधी पाणी) घ्यायचे, गोळी तोंडात टाकायची आणि पुढच्या दारी जायचे. आदल्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला, दसरा होता, आणि मी घरच्या आठवणीने व्याकूळ झाले होते; तिथल्या एका आजीचा हात कपाळाला लावताना मला थेट आपट्याची पाने हातात धरून केलेला नमस्कार आठवला. पण ‘सोने द्यायला जाणे’ हा शब्दप्रयोग बायरामाला लावता येत नाही, आणि ‘शुभेच्छांची देवाणघेवाण’ तर कार्यालयीन परिपत्रकासारखे वाटते. मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद

आपला ‘यजमान’ मला पूर्ण मान्य आहे, परंतु एका सूचनेसह. मी रत्नागिरीकडच्या मराठी मुसलमान घरातला आहे, आणि आपल्या विवेचनावरून कुर्बानी म्हणजे एक प्रकारचा यज्ञ, असा समज वाचकाने करून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. आहुती देवतेला पोहोचते, अशी यज्ञामागची कल्पना आहे. कुराणाच्या बाविसाव्या सूरहमध्ये (अध्यायात), म्हणजे सूरह हजमध्ये, याउलट स्पष्ट सांगितले आहे की या जनावरांचे मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे ईश्वराचे भान राखून वागण्याची वृत्ती. ‘कुर्बान’चा अरबी धातू जवळ येणे या अर्थाचा आहे, ‘करीब’ त्याच धातूतला. म्हणून मराठी वृत्तपत्रांत कधी ‘बोकडाचा बळी दिला’ असे वाचले की मला खटकते. आमच्या घरी ‘कुर्बानी केली’ किंवा ‘कुर्बानी दिली’ असेच म्हणतात, आणि ते मराठीच आहे. मांसाचे तीन वाटे करून एक घरी ठेवायचा, एक नातलगांना व शेजाऱ्यांना आणि एक गरजूंना द्यायचा, हा आमचा रिवाज आहे, आणि त्या वाटपाला वाटे हाच शब्द नेमका बसतो.

क्रियापदाविषयी म्हणाल तर उर्दूतले ‘ईद मिलना’ सर्वांना ठाऊक आहे, पण मराठीत ‘भेटीगाठी’ हा शब्द असताना उसनवारी कशाला? दोन्ही बाजूंनी होणारी क्रिया त्यात आहे, आणि घरोघर जाणेही आहे.

प्रस्तावकाचे उत्तर

आपला आभारी उल्लेख लेखात करीनच. माझ्या मसुद्यात एके ठिकाणी ‘मेंढ्याचा बळी दिला’ असे होते आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते; जी माणसे मला आपल्या ताटात जेवू घालत होती, त्यांच्या कृतीला त्यांना न पटणारा शब्द मी लावला, याचे मला वाईट वाटले. ‘यजमान’ ठेवते, तो माणसासाठी, कृतीसाठी ‘कुर्बानी’च. संपादकांकडे ते वाक्य आता असे पाठवले आहे : ‘आमच्या यजमानांनी कुर्बानी केली, वाटे घालून झाल्यावर आन्नेने मोठ्या कढईत मांसाचा कावुर्मा परतायला घेतला, आणि दुपारी आम्ही सारे बायरामाच्या भेटीगाठींना बाहेर पडलो.’