हौस नव्हे, आपलेपणा

लोक मिरवायच्या हौसेपायी आपल्याबद्दलचं सगळं ऑनलाइन टाकतात, असं म्हटलं जातं. मला त्याहून मोठं कारण समोरच्यावरचा विश्वास वाटतो. आमच्या गोव्यातल्या फोंड्याकडे चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, एकाने वाड्याच्या ग्रुपवर माटोळीचा (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीचा) फोटो टाकला की दुसऱ्यालाही टाकावासा वाटतो. सोबत 'सगळे गावच्या घरी जमलोय' हेही येतं. म्हणजे पणजीचा फ्लॅट बंद आहे, हे सगळ्या ग्रुपला कळलं.

दुसरं कारण म्हणजे सूत्रं आपल्या हाती असल्याची भावना. लॉरा ब्रँडिमार्टे, अलेस्सांद्रो अक्विस्ती आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या संशोधकांनी २०१३ साली प्रयोगांतून दाखवलं की काय प्रसिद्ध करायचं ते आपण ठरवतोय असं वाटलं, की माणसं जास्त नाजूक गोष्टी उघड करतात, ती माहिती अधिक अनोळखी लोकांपर्यंत जाणार असली तरी! 'ग्रुप प्रायव्हेट आहे' या दिलाशाचंही तसंच. स्क्रीनशॉट काढायला कोण अडवणार?

मुलांच्या गणवेशातल्या फोटोंची मला सर्वात जास्त काळजी वाटते. त्यावरून शाळा कळते, कधी कधी नावही. आणि २०२३ चा डेटा संरक्षण कायदा इथे कामाचा नाही, कारण कुणी व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळली आहे.