मदत हवी आहे: सिम्पलप्लेन्समध्ये मिग-21 चं रडार चालतं करायचंय, ठिपका ऐकत नाही

डेल्टापंखी

मंडळी नमस्कार. गेले तीन आठवडे रात्रीचं जेवण झालं की मी सिम्पलप्लेन्स (विमान बांधून उडवायचा गेम) उघडून बसतो आणि बायको रोज विचारते, "उडलं का?" विमान केव्हाच उडलंय हो. अडलंय ते रडार.

थोडी पार्श्वभूमी. बालपण नाशिकचं. ओझरचा एचएएलचा कारखाना 1964 मध्ये मिग-21 साठीच उभा राहिला, त्यामुळे शाळेच्या मैदानावर असताना वरून आवाज आला की खेळ थांबायचा आणि माना वर. सप्टेंबर 2025 मध्ये हवाई दलाने चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला, त्या संध्याकाळी ठरवलं की एक आपण बांधायची. पंख, शेपूट, नाकातला शंकू, सगळं जमलं. कॉकपिटमध्ये छोटा पडदा केलाय. त्यामागे दोन पिस्टन, एक आडवा (दिशा) आणि त्यावर एक उभा (अंतर), टोकाला हिरवा चमकणारा ठोकळा. तोच ठिपका.

इनपुटच्या खान्यात फंकी ट्रीजची (गेमची सूत्रं लिहायची भाषा) सूत्रं अशी आहेत (इथे देवनागरीत लिहितोय, गेममध्ये अर्थातच इंग्रजीत):

आडवा: (टार्गेटहेडिंग − हेडिंग) / 60
उभा: टार्गेटडिस्टन्स / 20000

हेडिंग म्हणजे आपल्या नाकाची उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा, टार्गेटहेडिंग म्हणजे लक्ष्याची. पडद्याचा वरचा काठ म्हणजे 20 किमी. बहुतेक वेळा बरोबर दाखवतं. पण उत्तरेकडे तोंड केलं की ठिपका एकदम डाव्या भिंतीला जाऊन आपटतो. लक्ष्य निवडलेलं नसेल तरी खाली कुठेतरी दिसत राहतो. पाच जीचं (वजन पाचपट वाटणारं) वळण घेतलं की सगळा डोलारा थरथरतो. आणि खरं दुखणं वेगळंच आहे: हे रडार वाटतच नाही. पडद्यावर रडारच्या किरणासारखी फिरती रेघही केलीय, ती एकीकडे चाललीय, ठिपका तिला न जुमानता लोण्यासारखा सरकतोय. फोनवर बोलावलेली रिक्षा नकाशावर येताना दिसते ना, तसं. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

चहाटळ

शीर्षक वाचून घाईघाईने बायोडेटा काढला होता, म्हटलं संरक्षण खात्यात भरती निघाली. वाखूसा (वाचनखूण साठवली).

खटपट्या

उत्तरेचं दुखणं प्रत्येकाला एकदा होतं. तुमचं नाक 358 अंशांवर, शत्रू 3 अंशांवर. डोळ्यांना तो पाच अंश उजवीकडे दिसतो, पण सूत्राच्या लेखी 3 वजा 358, म्हणजे वजा 355. मग ठिपका भिंतीलाच जाणार. वजाबाकी काढून डेल्टाअँगल(हेडिंग, टार्गेटहेडिंग) लिहा, ते नेहमी जवळच्या बाजूने मोजतं.

लक्ष्य नसताना ठिपका लपवायला टार्गेटसिलेक्टेड ची अट घाला. आणि एकच ठिपका दिसणार हे गृहीत धरा. सूत्रांना फक्त निवडलेल्या लक्ष्याची माहिती मिळते, समोर दहा विमानं असली तरी.

थरथर पिस्टनची आहे. एकावर एक चढवलेले सांधे वळणात लवतातच. वजन कमी करून पाहा, नाहीतर पिस्टन काढून लेबल (अक्षरं दाखवणारा भाग) वापरा. लेबलमध्ये महिरपी कंसात सूत्र चालतं आणि अक्षर वर-खाली सरकवायचा टॅगही आहे. एक हिरवं टिंब टाका आणि तेच हलवा. त्याला ना वजन, ना सांधा.

जुनावायरमन

डेल्टापंखी, तुमची शेवटची तक्रार सगळ्यात महत्त्वाची, आणि तिचं उत्तर असं की तुमच्या रडारला फार जास्त कळतं. खऱ्या रडारला शत्रू आत्ता कुठे आहे हे माहीत नसतं. किरण त्याच्यावरून गेला तेव्हा तो कुठे होता, एवढंच माहीत असतं. मधल्या वेळात पडद्यावर दिसते ती जुनी बातमी.

म्हणून आधी रेघ पक्की करा: पिंगपाँग(टाइम * 60, 120) − 60. ही वजा 60 पासून अधिक 60 अंशांपर्यंत जाते आणि परत येते, एकेरी फेरीला दोन सेकंद. आता ठिपक्याला सांगायचं की रेघ तुझ्यावर असेल तेव्हाच हल, एरवी गप्प बस. फंकी ट्रीजमध्ये आठवण ठेवायला वेगळा कप्पा नाही, पण स्मूथ ला कामाला लावता येतं. त्याचा दुसरा आकडा म्हणजे बदलाचा वेग. वेग शून्य केला की मूल्य गोठतं:

स्मूथ(मूल्य, अ‍ॅब्ज(रेघ − दिशा) < 2 ? 9999 : 0)

म्हणजे रेघ दिशेच्या दोन अंशांच्या आत असेल तर वेग 9999, नाहीतर शून्य. इथे दिशा म्हणजे खटपट्यांचं डेल्टाअँगल. आडव्या आणि उभ्या, दोन्ही सूत्रांना हेच कवच घाला.

एक गंमत दिसेल. शत्रू बरोबर समोर असेल तर ठिपका दर दोन सेकंदांनी ताजा होईल. तो 55 अंशांवर, काठाजवळ असेल तर रेघ जाताना एकदा आणि वळून येताना लगेच पुन्हा भेटेल, मग जवळजवळ चार सेकंद काहीच नाही. ते दुरुस्त करू नका. रेघ मागेपुढे फिरते तिथे असंच व्हायला हवं.

डेल्टापंखी

काका, दंडवत! आडवा ठिपका आता टक् टक् उड्या मारतोय, अगदी हवा तसा. उत्तरेचं भूतही गेलं. पण उभा मागे पडतो. शत्रू समोरासमोर येतोय, गेमचा आकडा 6 किमी म्हणतो आणि ठिपका अजून 8 वर रेंगाळतोय. सूत्र असं: स्मूथ(टार्गेटडिस्टन्स, अट ? 9999 : 0) / 20000

जुनावायरमन

भागाकार बाहेर ठेवलात, तिथेच फसलं. 9999 हा सेकंदाचा वेग आहे आणि तुमचं मूल्य मीटरमध्ये आहे. रेघ ताशी नव्हे, सेकंदाला 60 अंश पळते. चार अंशांचा किरण लक्ष्यावरून जायला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागतो. तेवढ्यात ठिपका फार तर 670 मीटर सरकणार. समोरून येणारा सेकंदाला 500 मीटरने जवळ येत असेल तर दोन सेकंदांत 1000. दर फेरीला 330 मीटर उधारी चढते. आधी भागा, मग गोठवा: स्मूथ(टार्गेटडिस्टन्स / 20000, …). मूल्य शून्य ते एकमध्ये आलं की एका झटक्यात पोचतं.

सातारी_कंदी

विमान आडवं केलं की ठिपकाही कलायला नको का? आणि पडदा पंख्यासारखा त्रिकोणी हवा, हा चौकोन चुकीचा वाटतो.

जुनावायरमन

दोन्हीला नाही. अँटेना क्षितिजाशी समांतर ठेवायची सोय असते, म्हणून विमान कललं तरी चित्र कलत नाही. आपण हेडिंगवरून मोजतोय, त्यामुळे ते आपोआपच साधलंय. आणि चौकोनाला बी-स्कोप म्हणतात: आडवी दिशा, उभं अंतर. त्यात खालची पूर्ण कड म्हणजे तुम्ही स्वतः. एक बिंदू ताणून रेघ केलेली असते, त्यामुळे जवळून आडवं जाणारं विमान झपकन एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेल्यासारखं दिसतं. सवय व्हायला वेळ लागतो, पण लढाऊ विमानांत हेच चालतं.

आता डेल्टापंखी, एक ठरवा: मिग-21 कुठली? जुनी की बायसन (नंतरची सुधारलेली आवृत्ती)? शंकूत मावेल एवढीच डिश, हे दोन्हीकडे आहे. पण जुन्या रडारला डॉप्लरची, म्हणजे हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लाटेच्या बदललेल्या वारंवारतेची, समज नव्हती. खाली पाहिलं की जमिनीच्या परतीच्या लाटांत विमान हरवायचं. तसं हवं असेल तर टार्गेटएलिव्हेशन (लक्ष्य किती अंश वर-खाली आहे) वजा दोनच्या खाली गेलं की ठिपका गायब करा, बस.

बायसनमध्ये कोप्यो रडार आलं, त्याला खाली पाहता येतं. पण शत्रू तुमच्या नजरेला काटकोनात उडाला की त्याचा डॉप्लर जमिनीसारखाच होतो आणि खाली असेल तर तो निसटतो. हेही जमवता येईल, शत्रू खाली असताना ही अट खरी ठरली की ठिपका लपवा:

अ‍ॅब्ज(रेट(टार्गेटडिस्टन्स) + जीएस * कॉस(दिशा)) < 30

जीएस म्हणजे आपला जमिनीवरून मोजलेला वेग. अंतर किती वेगाने बदलतंय (रेट) त्यातून आपला स्वतःचा हिस्सा वजा केला की उरतो शत्रूचा. कॉस ला अंशच द्या, रेडियन करत बसू नका. सेकंदाला 30 मीटर हा माझा अंदाज, चवीनुसार कमी-जास्त करा.

डेल्टापंखी

बायसनच! भागाकार आत घेतला, पिस्टन काढून लेबल लावलं, आणि काल रात्री साडेअकराला शत्रूने खाली जाऊन काटकोनात वळण घेतलं आणि ठिपका पुसला गेला. मी ओरडलो. बायको आतून म्हणाली, "बिघडलं ना परत?"

फक्त एक राहिलंय. ठिपका दोन सेकंद एकसारखा उजळ राहतो. रेघ पुढे गेल्यावर तो हळूहळू मंद व्हायला हवा. लेबलच्या रंगाची पारदर्शकता सूत्राने बदलता येते का?

खटपट्या

मी चार लेबलं एकावर एक ठेवून, वेगवेगळ्या हिरव्या छटांची, आळीपाळीने दाखवली होती. कामचलाऊ आहे, पण अंधारात कळत नाही. संध्याकाळी घरी गेलो की फाइल उघडून सूत्र टाकतो.